विहीणबाईंनी उकडलेला ओक

बहारीनमध्ये मी सारं आयुष्य झाडं विकण्यात घालवलं असं सांगितलं, की समोरचा आधी माझ्याकडे बघतो आणि मग खिडकीबाहेर. खिडकीबाहेर वाळूच्या रंगाची भिंत असते, भिंतीमागे वाळूच्या रंगाचं घर आणि घरामागे खरीखुरी वाळू. "इथे कोण घेतं हो झाडं?" मी म्हणते, इथेच तर घेतात. आमच्या दापोलीत मी दारोदार अळू विकत फिरले असते, तर लोकांनी मला ओट्यावर बसवून पाणी दिलं असतं आणि घरच्यांना निरोप धाडला असता.

आमची नर्सरी बुदैया रोडला आहे. आहे म्हणते, कारण निवृत्त मी झाले, नर्सरी नाही. सखारामही नाही. सखाराम गुहागरचा. ड्रायव्हर म्हणून आला आणि कुंड्या उचलता उचलता माळी झाला. आजही तो मला फोन करतो, "वहिनी, ह्याचा काय करू?" 'ह्याचा' म्हणजे कशाचा, हे सांगायची त्याला गरज वाटत नाही. मीही न विचारता म्हणते, "पाणी कमी कर." दहातल्या नऊ वेळा तेच उत्तर असतं.

धंदा समजायला सोपा आहे. काही झाडं आम्ही विकतो, काही भाड्याने देतो. ऑफिसात, हॉटेलात, बँकेत कोपऱ्यात उभी असलेली टवटवीत झाडं त्यांची नसतात, आमची असतात. तिथल्या अंधाराने ती मलूल झाली की आम्ही ती गुपचूप नर्सरीत आणतो आणि त्यांच्या जागी ताजी तशीच ठेवतो. साहेबाला वाटतं, आपल्या केबिनला काय हवा आहे! बिचारी झाडं आळीपाळीने ड्यूटी करत असतात.

इथल्या झाडाचा शत्रू कोण असं विचारलं तर लोक ऊन म्हणतात. ऊन जाळी बांधून अडवता येतं. खारं पाणी जास्त वाईट, त्याने मातीवर पांढरी साय धरते आणि झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरतं. पण सगळ्यात वाईट म्हणजे गिऱ्हाइकाचं प्रेम. अदलियातल्या एका कॅफेवाल्याचं ऑलिव्हचं झाड सतत आजारी पडायचं. एकदा मी तिथे मुद्दाम तासभर बसले, तर येणारा-जाणारा उरलेली कॉफी कुंडीत ओतत होता आणि मालक कौतुकाने बघत होता. आपले एक पुण्याचे साहेब होते, मोठे बँकर. त्यांना मोगरा हवा होता, पण मुंग्या नकोत, पानं गळायला नकोत आणि वास बेताचा हवा, मिसेसना त्रास होतो. मी त्यांना प्लास्टिकचा दिला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन, "अजून एकही फूल नाही!" मी म्हटलं, "साहेब, थोडा धीर धरा." माझ्या वयाच्या बाईने एवढी मजा करायला हरकत नसावी.

आता जरा त्या दुसऱ्या बाईची मजा. म्हणजे तेव्हाच्या माझी. शेतीची पदवी, नवं लग्न, कडक इस्त्रीची कॉटनची साडी आणि तोंडात लॅटिन नावं. ही बाई नोकरी मागायला नर्सरीच्या मालकांसमोर उभी राहिली. ते म्हातारे, शांत बहारीनी गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "इथला उन्हाळा पाहिलायस?" बाई म्हणाली, "मी कोकणातली आहे. उकाडा मला शिकवू नका." मालक म्हणाले, "इंशाल्ला." या एका शब्दात माणसं किती काय सांगतात, हे तेव्हा बाईला कळत नव्हतं.

जुलैत बाईने पाहिलं, की दुपारी जास्वंदी माना टाकतायत. पुस्तकात लिहिलं होतं, मान टाकली की पाणी द्या. बाईने पाइप उचलला आणि अख्ख्या रांगेला पोटभर पाणी दिलं. दुपारभर उन्हात पडलेल्या पाइपमधलं पाणी! चहा झाला असता त्यात. संध्याकाळपर्यंत जास्वंदींची उसळ तयार. मालक आले, रांगेकडे पाहिलं, म्हणाले, "खलास." आणि मला कामावरून काढायच्या ऐवजी त्यांनी मला त्यांच्या घरी नेऊन एक गोष्ट दाखवली. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कढत होतं, म्हणून लोक गिझर बंद ठेवतात आणि गिझरमध्ये साठलेलं पाणी थंड म्हणून वापरतात. गरम नळातून थंड पाणी आणि थंड नळातून गरम! पदवी घेतलेल्या बाईने तोंडाला पदर लावला.

तर अशी सगळी तयारी झाल्यावर, म्हणजे केस पांढरे झाल्यावर, माझ्याकडे ओक आला.

मारीना पहिल्यांदा नर्सरीत आली ती व्हीलचेअरवरून, आणि आल्या आल्या भांडली. "ही सगळी झाडं तुम्ही कुंडीत कोंबलीयत. मुळं गोल गोल फिरून फास लागेल त्यांना." बोलणं खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. तिच्यामागे खुर्ची ढकलत तिचे यजमान होते, अबू ईसा. बंदरावरचे निवृत्त इंजिनियर, पांढरा स्वच्छ पायघोळ थोब, चेहऱ्यावर कायम माफी मागितल्यासारखं हसू. ते तिला उम ईसा म्हणत, ईसाची आई. ती मूळची सायप्रसची. तरुणपणी हे तिकडे शिकायला गेले आणि पदवीबरोबर हिलाही घेऊन आले. तिचं-माझं बोलणं इंग्रजीत व्हायचं आणि राग आला की दोघींच्याही तोंडी अरबी यायची.

"मला ओक हवा," ती म्हणाली.

"ओक मफी," मी म्हटलं. "इथे होत नाही. कडुलिंब ने."

तिने मांडीवरची कापडी पिशवी उघडून दाखवली. आत ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या बिया. तपकिरी, गुळगुळीत, बोटाच्या पेरापेक्षा लांब. तिच्या भाच्याने वनखात्याची परवानगी आणि रोगमुक्तीचा दाखला काढून, सगळं रीतसर करून तिकडून आणल्या होत्या. ती म्हणाली, "हा आमचा सोनेरी ओक. सायप्रसच्या मधोमध एक डोंगररांग आहे, ट्रुडोस. तेवढ्याच डोंगरात हा होतो. जगात दुसरीकडे कुठेही नाही. पान वरून हिरवं आणि खालून सोनं."

मी तोंड उघडलं होतं नाही म्हणायला. थंड डोंगरातलं झाड, आणि तेही असं, की त्याला ज्वालामुखीचा काळा दगड लागतो, चुनखडी चालत नाही. आणि बहारीन म्हणजे तर चुनखडीचीच वीट! तेवढ्यात अबू ईसांनी मला जरा बाजूला बोलावलं.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "हिची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. आठवड्यातून तीनदा सलमानिया हॉस्पिटलात मशीनवर नेतो. ईसा, आमचा मुलगा, त्याची किडनी द्यायला तयार आहे. डॉक्टर म्हणतात, तपासण्या करू, आशा आहे. ही ऐकत नाही. म्हणते, या वयात पोराचं शरीर कापून मला कशाला जगवता? आता तर पुढच्या महिन्याचं काही बोललं तरी तोंड फिरवते. कित्येक महिन्यांनी हिने काहीतरी मागितलंय." मग थांबून म्हणाले, "नाही जमलं तर नाही जमलं. पण आजच नाही म्हणू नका."

झाडामुळे माणूस जगतो वगैरे मी मानत नाही. फार झाडं विकली आहेत मी. पण तरुणपणी जे तोंड नको तिथे हो म्हणायचं, ते म्हातारपणी नको तिथे नाही म्हणायला शिकलंय, हे माझ्या लक्षात आलं. मी मारीनाला म्हटलं, "पान उलटून सोनं दिसायला दोन वर्षं तरी लागतील. चालेल?"

"मी नसेन," ती म्हणाली.

"मग पैसे आधी दे."

ती माझ्याकडे रोखून बघत राहिली आणि अबू ईसांचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती म्हणाली, "ही बाई मला आवडली. यल्ला, घरी चला."

बिया दोन जातीच्या असतात, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. भात, वाल, कुळीथ हे खडखडीत वाळवले की झोपतात आणि वर्षभराने पाणी मिळालं की उठतात. दुसऱ्या असतात आंब्याची कोय, फणसाची आठळी यांसारख्या. त्या वाळल्या की मेल्या. ओक या दुसऱ्या जातीतला. लगेच पेरावा तर तो थंड डोंगरातला, त्याला आधी काही आठवडे गारठा हवा. पुस्तकात ओलसर वाळूत ठेवा असं दिलं होतं. माझ्या हातांनी मात्र पुस्तकाला विचारलं नाही. आमच्याकडे गणपतीपर्यंत आठळ्या टिकवायला त्या मातीच्या लगद्यात लडबडवून गार कोपऱ्यात ठेवतात. मी तसंच केलं. प्रत्येक बी चिखलात घोळवली, स्टीलच्या डब्यात भरली आणि आमच्या घरच्या फ्रिजच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवली. नर्सरीतला फ्रिज सारखा उघडझाप होतो, म्हणून घरी. डब्यावर चिठ्ठी लावली नाही. माझ्या फ्रिजात काय आहे ते मला माहीत असतं.

पण त्याच महिन्यात विहीणबाई आल्या. आमच्या सुनेची, केतकीची आई, राजापूरच्या. सुगरण बाई. आल्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं आणि माझी मुळीच तक्रार नव्हती. एके दिवशी मी नर्सरीतून परत आले तर कुकरची शिट्टी चालू आणि घरभर अळूच्या फतफत्याचा वास. मला भरूनच आलं.

"अळू कुठे मिळालं तुम्हाला?" मी विचारलं.

"मनामाच्या बाजारात हो! आणि तुम्ही तरी काय, एवढ्या निगुतीने आठळ्या जपून ठेवल्यात. मी म्हटलं, केतकीच्या सासूबाई इतकी वर्षं परदेशात राहून मातीत आठळ्या ठेवतात! डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"कुठल्या आठळ्या?"

"त्या खालच्या खणातल्या. जरा लांबट आहेत, पण असते एखाद्या फणसाची जात. साल मात्र चिवट निघाली."

मी चप्पल न काढता कुकरकडे धावले. वाफ जिरेपर्यंत थांबायचं असतं हेही विसरले आणि विहीणबाईंनी माझा हात धरला नसता तर माझीही उसळ झाली असती. झाकण उघडलं. जगात फक्त एका डोंगररांगेत होणारा सोनेरी ओक मिठाच्या पाण्यात मऊ शिजला होता.

आमची नात ईरा वय वर्षं अकरा. तिने एक चमच्याने उचलून तोंडात टाकला. "आजी, दिस इज सो बिटर!"

"कडू?" विहीणबाईंनी घाईने एक चाखला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कुकरसमोरच मटकन बसल्या. "अहो, काय होतं ते? देवाचं होतं का काही?"

मी सांगितलं. मारीना, मशीन, डोंगर, सगळंच. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना काय बोलणार? चिखलात घोळवलेल्या बिया स्टीलच्या डब्यात बघून जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईने त्या फेकून दिल्या असत्या. कोकणातली बाई त्या कुकरलाच लावणार. आणि त्या चिखलात घोळवणारीही कोकणातलीच.

"सगळ्याच घातल्यात?" मी विचारलं.

त्यांनी नाक पुसलं. "नाही हो. पाच ठेवल्या उद्यासाठी. वालात घालायला."

मी त्यांच्या पायाच पडणार होते. आपल्याकडे हातात कितीही असो, एका दिवसात संपवायचं नाही ही खोड असते. त्या खोडीने पाच ओक वाचवले.

मारीनाला फोन करायचा होता. तरुणपणची मी असते तर काहीतरी रचून सांगितलं असतं, बुरशी आली, तापमान चुकलं, एखादं लॅटिन नावही फेकलं असतं. आता तेवढा उत्साह राहिलेला नाही. विहीणबाई शेजारीच उभ्या होत्या, इंग्रजी न कळताही प्रत्येक शब्दावर मान हलवत. मी मारीनाला जसं झालं तसं सांगितलं.

मग मारीनाने विचारलं, "कशा लागल्या?"

"कडू."

"लागणारच. आम्ही त्या डुकरांना घालतो." आणि ती हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. मागून अबू ईसांचा घाबरलेला आवाज येत होता, काय झालं, काय झालं.

मी फोन ठेवला. विहीणबाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या हो त्या?"

मी म्हटलं, "म्हणाली, त्यांच्याकडे खास पाहुण्यांना वाढतात." त्यांना जरा बरं वाटलं. हे आज पहिल्यांदा छापून येतंय. अंक राजापूरला पोचेल तेव्हा मी इकडे असेन, हे बरं.

पाच बिया आम्ही फेब्रुवारीत लावल्या. ओक आधी खाली जातो आणि मग वर येतो. वितीभर मूळ सोडल्याशिवाय पान काढत नाही. मारीनाची पहिली तक्रार लक्षात ठेवून मी कुंडी वापरलीच नाही. सांडपाण्याच्या नव्या प्लास्टिकच्या पाइपचे सखारामकडून हातभर लांबीचे तुकडे करून घेतले आणि उभे ठेवले, म्हणजे मूळ सरळ खाली जाईल. चुनखडी नसलेला दगड कुठून आणायचा? बार्बेक्यूच्या शेगडीत घालायचे लाव्हाचे खडे इथे पिशव्यांनी मिळतात. ते फोडून नारळाच्या भुशात मिसळले. सखाराम म्हणाला, "वहिनी, झाड लावतंव की भाजतंव?"

पाचांतल्या दोन कुजल्या. एकीने मूळ सोडलं पण वर काही आलं नाही. दोन उगवल्या आणि त्यातली एक मे महिन्याच्या एका उष्ण वाऱ्यात सकाळी होती, संध्याकाळी नव्हती. उरलेला तो एक मी घरी आणला.

तो उन्हाळा आमच्या घरात अजून बदनाम आहे. पाहुण्यांच्या खोलीत ओक राहायला आला. खिडकीला पातळ पडदा, एसी चोवीस तास, आणि पाणी फक्त बंद गिझरमधलं. आमचे हे जेवताना म्हणत, "ओकला एसी, मला पंखा. पुढच्या जन्मी मी झाड होईन, पण तुझ्या नर्सरीतलं नको." राजापूरहून दर आठवड्याला फोन यायचा, "आठळी कशी आहे हो?" विहीणबाईंनी त्याला ओक म्हणायचं मनावर घेतलं नाही.

आठळी जगली. पण एक घोळ होता. पानं आली ती खालून फिक्कट हिरवी. सोन्याचा पत्ता नाही. मारीनाच्या भाच्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, त्या डोंगरात दुसराही एक काटेरी पानांचा ओक आहे, कधी कधी दोघांचा संकर होतो. कदाचित तो असेल. कदाचित हे फार लहान आहे म्हणून असेल. आता कळणार नाही.

हे मारीनाला कळलं तशी ती गप्पच झाली. त्या हिवाळ्यात तिचं बाहेर पडणं थांबलं. जिना चढवेना, म्हणून पलंग खाली दिवाणखान्यात आणला होता. मी भेटायला जायचे तेव्हा ती माझ्याशी भांडायचीही नाही, आणि तेच मला सहन होत नव्हतं. ईसा सुट्टी काढून आला होता, तपासणीसाठी चल म्हणून तीन दिवस मागे लागला होता. ती भिंतीकडे तोंड करून निजायची. अबू ईसा दारापर्यंत पोचवायला येत आणि झाडाबद्दल काही विचारत नसत. त्यांनी विचारलं नाही, याचं मला फार वाटायचं.

मी झाड पुन्हा नर्सरीत, जाळीखाली ठेवलं होतं. बहारीनचा हिवाळा झाडांना मानवतो. त्याला नवी पालवी फुटली, चार-पाच पानं. मी रोज उलटून बघायचे, मग रोज बघायचं बंद केलं. तरुणपणी रोप उगवलं का म्हणून माती उकरून बघणारी बाई मीच होते. तेवढं तरी सुधारले.

आणि मग एके दिवशी सकाळी सखारामचा फोन. "वहिनी, ताबडतोब येवा."

"काय झालं?"

"हळद लागली."

"कुणाला?"

"झाडाला वो! पानाला खालनं!"

मी रिक्षा शोधावी तशी टॅक्सी शोधत रस्त्यावर आले. गेले, तर सखाराम त्या पाइपसमोर उकिडवा बसला होता, हात न लावता. मी चष्मा पुसला. नव्या पानाखाली बारीक, मऊ लव होती, नवऱ्यामुलाच्या गालावर लावतात त्या हळदीच्या रंगाची. पिवळी म्हणू की सोनेरी, मला ठरवता येईना. पान करकरीत हिरवं, वरून अगदी साधं. पण खालून नुसती श्रीमंती.

"खरा हाय ना?" सखाराम म्हणाला.

"खरा आहे."

"मग रडताय कशाक?"

"गाडी काढ," मी म्हटलं.

मारीनाच्या दिवाणखान्यात आम्ही झाड आत आणलं आणि तिच्या पलंगाशेजारच्या तिपाईवर ठेवलं. वीतभर उंचीचं रोप, सांडपाण्याच्या पाइपात. तिने मान वळवली. बघितलं. मी पान उलटून दाखवायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. मग अबू ईसांना म्हणाली, "वर ठेवा."

"कुठे वर?"

"वर! कपाटावर. इतकी वर्षं संसार केला, तुम्हाला वर म्हणजे काय तेही सांगू?"

अबू ईसांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. बायको ओरडली म्हणून एवढा आनंद झालेला नवरा मी दुसरा पाहिला नाही. खिडकीजवळ जुनं उंच लाकडी कपाट होतं. सखाराम स्टुलावर चढला. अबू ईसांनी स्टूल धरलं, मी सखारामला पाइप दिला. झाड थेट वरच्या काठाला आलं, पानं बाहेर डोकावणारी.

"अजून पुढे," मारीना म्हणाली.

"पडेल," मी म्हटलं.

"मग त्याला धरून उभं राहा म्हणावं."

सखारामने एका हाताने पाइप काठाबाहेर कलता धरला आणि दुसऱ्या हाताने कपाट. खिडकीतून फेब्रुवारीचं ऊन आत येत होतं, ते फरशीवरून उलटून वर गेलं. आणि पानांच्या खालच्या अंगाला लागलं.

मारीना पलंगावर आडवी होती. ती वर बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "आमच्या गावात शाळेची वाट खालून जायची, दरीच्या बाजूने. झाडं सगळी वर, डोक्यावर चढावर. कुणी वरून जातच नव्हतं. हिरवं आम्ही कधी पाहिलंच नाही. मला सहा वर्षांची होईपर्यंत वाटायचं, सगळ्या झाडांची पानं सोन्याचीच असतात." आणि मग माझ्याकडे बघून, "तू उभी काय आहेस? तिथून तुला काय दिसणार? इकडे ये. आडवी हो."

माझे गुडघे तिला माहीत आहेत. तरी मी गालिच्यावर टेकले, एक हात टेकून कुशीवर वळले आणि पाठीवर पडले. आणि दिसलं. खोलीच्या छतापाशी चार-पाच छोटी सोन्याची पानं.

"हे कुठवर वाढेल?" मारीनाने विचारलं.

"जागा दिलीस तर छतापर्यंत. फार हळू वाढतं."

"या पाइपात नाही वाढायचं. मोठी कुंडी हवी."

"आत्ता नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर मूळ हलवायचं नसतं. ऑक्टोबरमध्ये बदलू."

"ऑक्टोबर," मारीना म्हणाली. तिने तो शब्द एकदा तोंडात घोळवला. मग नवऱ्याला हाक मारली. "ईसाला फोन लावा. म्हणावं, तपासण्या लवकर आटपायच्या आहेत. ऑक्टोबरमध्ये मला हात रिकामे हवेत, ही बाई एकटी कुंडी बदलेल आणि मुळं तोडेल."

अबू ईसा स्टूल सोडून दोन पावलं आले आणि मधेच थांबले. त्यांना फोनकडे जावं की पलंगाकडे, ते कळेना.

"नंतर लावा," मारीना म्हणाली. "आधी आडवे व्हा."

त्या गृहस्थाने आपला कडक इस्त्रीचा पांढरा थोब सावरला आणि पलंगाच्या त्या बाजूला, गालिच्यावर, हळूच पाठ टेकली. आम्ही तिघं वर बघत पडलो होतो. खिडकीतलं ऊन थोडं सरकलं आणि अजून एक पान पेटलं.

वरून सखारामचा आवाज आला, "वहिनी, हात दुखतोय. उतरू का?"

"थांब रे जरा," मी म्हटलं.